बिघाडाला कारण असते

आपल्या शाळेच्या विज्ञान कक्षातील लोखंडी कपाटात एक पेटी वर्षभर कुलूपबंद होती. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून ती शाळेला भेट दिली होती. अर्डुइनोचे बोर्ड, तापमान व मातीचा ओलावा मोजणारे सेन्सर, तारा, रोधक असे साहित्य तिच्यात होते. संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून या बोर्डांना आज्ञा देण्याची सोयही सोबत होती. कपाटाच्या दारावर आमच्याच हस्ताक्षरातील चिठ्ठी होती : 'परवानगीशिवाय हात लावू नये.' साहित्य महागाचे, मोडले तर पुन्हा कोठून आणावे, ही आमची चिंता.

२० मार्चच्या कार्यक्रमासाठी ध्वनिवर्धकाची तार काढायला ते कपाट उघडले आणि चिठ्ठी पुन्हा डोळ्यांखालून गेली. १९२७ साली याच तारखेला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्या दिवशीचे भाषण तयार करून आलेले आम्ही आपल्याच लेकरांसाठी 'हात लावू नये' असे लिहून बसलो होतो. हेतू वेगळा होता हे खरे. पण बाहेर उभ्या राहणाऱ्या मुलाला चिठ्ठीमागचा हेतू दिसत नाही, अक्षरे तेवढी दिसतात. चिठ्ठी त्याच दिवशी काढली.

पेटी उघडल्यानंतर जे घडले त्यावरून हा लेख सुचला. आमचा विषय इतिहास. यंत्रविद्या आम्ही मुलांबरोबरच शिकलो. एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत काम करणारा आपला एक माजी विद्यार्थी सुट्टीत येऊन शिकवीत असे. यंत्र चालेनासे झाले तर काय करावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

मोजमापाची साखळी

मापन ही एक साखळी असते. सेन्सर तापमानाचे किंवा ओलाव्याचे रूपांतर विजेच्या संकेतात करतो. तार तो संकेत बोर्डापर्यंत नेते. बोर्ड त्याचा आकडा करतो, केबल तो आकडा संगणकाला देते आणि आज्ञावली त्याचा अर्थ लावून पडद्यावर मांडते. अर्डुइनो उनो हा बोर्ड ० ते ५ व्होल्ट या पल्ल्याचे १०२४ भाग करतो. म्हणून पडद्यावर ० ते १०२३ यांमधील आकडा येतो आणि प्रत्येक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची असते. पडद्यावरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे. तापमानाविषयी पाच-सहा मध्यस्थांनी दिलेली ती साक्ष आहे. एक मध्यस्थ चुकला की साक्ष बिघडते.

चित्ररूप आज्ञावलीही नवी नाही. अमेरिकेतील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८६ साली लॅबव्ह्यू हे सॉफ्टवेअर आणले. त्यात आज्ञा लिहायच्या नसतात. चौकोन मांडून ते तारांनी जोडायचे असतात. अभियांत्रिकी महाविद्यालयात गेलेल्या आपल्या अनेक विद्यार्थ्यांची त्याच्याशी गाठ पडली असेल. मुलांसाठी ठोकळ्यांची स्क्रॅच ही भाषा एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली खुली केली. ज्याला इंग्रजी वाक्यरचनेची धास्ती वाटते, त्या मुलालाही ठोकळे जोडून विचार मांडता येतो. आमच्यासारख्या निवासी शाळेला याचे मोल अधिक आहे.

उणे १२७

इयत्ता नववीच्या दोन मुलींनी वावरातील मातीचे तापमान नोंदवायचे ठरविले. डीएस१८बी२० नावाचा, पाण्यात बुडाला तरी चालणारा सेन्सर घेतला. ठोकळे जोडले, केबल लावली, वहीत तक्ता आखला. आठवड्याने वही पाहिली. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकच आकडा : २७.

सकाळी आणि दुपारी मातीचे तापमान तंतोतंत सारखे कसे, असे विचारताच दोघींनी माना खाली घातल्या. पडद्यावर रोज उणे १२७ दिसत होते. ते अशक्य, हे त्यांना कळत होते. म्हणून पुढचे चिन्ह आणि एक काढून टाकून त्यांनी शोभेल असा आकडा लिहिला होता. "सांगितलं का नाही?" या प्रश्नावर एकीने दिलेले उत्तर आम्ही विसरलो नाही : "सर, आमचंच काई चुकलं असन."

यंत्र नवे, शहरातून आलेले. ते कसे चुकेल? चुकलो असू ते आपणच. हा निष्कर्ष त्या मुलीने कोणत्याही पुराव्याविना काढला होता. तो तिचा एकटीचाही नव्हता. दोष आपल्याच ठायी आहे असे मानण्याची सवय आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लावण्यात आली आहे.

प्रत्यक्षात उणे १२७ हे तापमानच नव्हे. सेन्सरकडून उत्तर आले नाही, तर ठोकळ्यांच्या मागे काम करणारी आज्ञावली हा ठरलेला आकडा दाखविते. त्याचा अर्थ एवढाच : 'पलीकडून कोणी बोलत नाही.' म्हणजे यंत्र खरे तेच सांगत होते. आम्हाला त्याची भाषा येत नव्हती. कारणही सापडले. या सेन्सरची संदेशाची तार आणि वीजपुरवठ्याची तार यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रोधक लागतो. तो लावायचा राहिला होता. दोन-चार रुपयांची ती वस्तू बसविताच पडद्यावर खरे तापमान आले आणि दुपारी ते चढूही लागले.

शोधाची रीत

त्या दिवसापासून आम्ही एक रीत ठरविली. ती येथे देत आहोत. घरी किंवा शाळेत अशी साधने हाताळणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, काहीही हलविण्यापूर्वी जे दिसते ते जसेच्या तसे लिहावे. 'चालत नाही' ही नोंद नव्हे. 'दिवा लागतो, पण आकडा बदलत नाही' ही नोंद आहे.

दुसरी, साखळीच्या मुळापासून निघावे. बोर्डावरील दिवा लागला का? संगणकाने बोर्ड ओळखला का? काही केबल केवळ मोबाइल चार्ज करण्यापुरत्या असतात. त्यांतून वीज जाते, संदेश जात नाही. दिवा लागतो आणि संगणक मात्र बोर्ड ओळखत नाही, तेव्हा आधी केबल बदलून पाहावी. अक्षरांऐवजी अर्थहीन चिन्हे उमटत असतील, तर बोर्ड आणि संगणक यांचा संदेशवहनाचा वेग निरनिराळा ठेवला गेला आहे का, ते तपासावे. एकीकडे ९६०० असेल तर दुसरीकडेही ९६००च हवा.

तिसरी, साखळी मधोमध तोडून पाहावी. सेन्सर काढावा आणि त्या जागी ठाऊक असलेला दाब द्यावा. उनोच्या मापन-मार्गाला बोर्डावरच्याच शून्य व्होल्टच्या टोकाला जोडले तर ० यावा, ३.३ व्होल्टच्या टोकाला जोडले तर सुमारे ६७५ यावा. आला, तर बोर्डापासून पडद्यापर्यंतचा भाग ठीक आहे. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारांत. नाही आला, तर सेन्सर निर्दोष असण्याचा संभव अधिक. एका चाचणीत अर्धी साखळी संशयातून मुक्त होते.

चौथी, एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर ते चालते; पण कारण कळलेले नसते. कारण न कळता मिटलेला बिघाड परत येतो.

खरे वाटणारे खोटे

यंत्र बंद पडले तर निदान ते कळते. अधिक फसवे असते ते चुकीचे पण शोभणारे वाचन. काहीही न जोडलेल्या मापन-मार्गावरही आकडे डोलत राहतात. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचे यूएसबी-६००८ हे उपकरण काही न जोडता सुमारे १.४ व्होल्ट दाखविते. नवख्या विद्यार्थ्याला तो सेन्सरचा संकेत वाटतो. आमचा तापमानाचा सेन्सरही एकदा ८५ अंश सांगू लागला. यवतमाळचा मे महिना कितीही कोपला तरी मातीत वीतभर खाली ८५ अंश होत नाहीत. वीजपुरवठा तुटून पुन्हा आला की हा सेन्सर नवे मापन पूर्ण होईपर्यंत ८५ हाच आकडा धरून ठेवतो. आमची तार सैल झाली होती.

ओलाव्याच्या सेन्सरने तर आमच्या मातीचाच धडा दिला. पऱ्हाटीच्या वावरात तो पुरला होता. अवकाळी पाऊस पडून गेला, ढेकळे ओली दिसत होती, तरी वाचन 'कोरडे' होते. मुलांनी सेन्सर पालटला, तार पालटली, फरक पडेना. अखेरीस एकाने माती उकरली. आपली काळी माती सुकताना आकसते आणि भेगाळते. भेग नेमकी सेन्सरच्या कडेने गेली होती आणि सेन्सर माती नव्हे, हवा मोजीत होता. हा बिघाड कोणत्याही माहितीपुस्तिकेत शोधला असता तर सापडला नसता. तो शेतकऱ्याच्या मुलाने शोधला. आता प्रत्येक सेन्सर लावण्यापूर्वी मुले त्याचे कोरड्या हवेतील आणि पाण्यातील असे दोन आकडे लिहून ठेवतात. नंतरचे वाचन हवेच्या आकड्याला जाऊन भिडले की आधी भेग पाहायची.

तारांच्या चित्रातील दोष

लॅबव्ह्यू हाताळणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी थोडे अधिक. त्यात जोडणी चुकली तर 'चालवा' या खुणेचा बाण तुटलेला दिसतो. त्यावर क्लिक केले की चुकांची यादी उघडते आणि चूक नेमकी कोठे आहे तेही दाखविले जाते. बाण अखंड असूनही उत्तर चुकीचे येत असेल, तर बल्बच्या चित्राचे बटण दाबावे. मग प्रत्येक आकडा कोणत्या तारेतून केव्हा गेला ते संथपणे दिसते. चुकीची वार्ता पुढे नेणारी वेगळी तार असते. ती घाईत जोडायची राहिली, की पहिला दोष कोठे घडला हे समजणे अवघड होते.

लाल अक्षरांत आलेल्या क्रमांकाला भिऊ नये. उणे ५०१०३ म्हणजे ते उपकरण आधीच दुसऱ्या कामात गुंतले आहे; ते काम बंद करावे. उणे २००२७९ म्हणजे उपकरण आकडे भराभर देत आहे आणि आज्ञावलीला ते वेळेवर उचलता आले नाहीत, म्हणून जुने पुसले गेले. एका वेळी अधिक आकडे उचलावे किंवा मोजण्याचा वेग कमी करावा. आज्ञावलीच्या आधी उपकरणाची स्वतःची चाचणी घ्यावी. कंपनीच्या मॅक्स या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. तेथे वाचन बरोबर असेल तर दोष आपल्या चित्रात आहे. परवाना महाग म्हणून थांबलेल्यांसाठी हेही सांगावे, की २०२० पासून लॅबव्ह्यूची बिगरव्यावसायिक उपयोगासाठी विनामूल्य आवृत्तीही उपलब्ध आहे.

बिघाडाची वही

त्या दोन मुलींना आम्ही शिक्षा केली नाही. तक्ताही फाडू दिला नाही. समासात 'खरे वाचन : उणे १२७' असे त्यांनीच लिहिले आणि खाली कारण नोंदविले. शाळेची 'बिघाडाची वही' तेथून सुरू झाली. तिच्यात चार रकाने आहेत : काय दिसले, कारण कोणते, ते कसे दूर झाले, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे. वही भरू लागली तेव्हा एका विद्यार्थ्याने वंदनेनंतरच्या तासाला विचारले, "सर, हे चार आर्यसत्यांसारखं नाही का?" दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा निरोध होऊ शकतो, आणि त्याचा मार्ग आहे. तथागतांनी यंत्रांविषयी सांगितले, असा भलता दावा आम्ही करणार नाही. परंतु कारणावाचून काही घडत नाही आणि ऐकीव गोष्ट स्वतः पारखून घ्यावी, ही कालामांना दिलेली शिकवण ज्याच्या अंगी मुरली, तो बिघाडलेल्या यंत्रापुढे हात जोडणार नाही आणि स्वतःच्या कपाळालाही हात लावणार नाही. तो तार तपासील.

इतिहासाच्या अभ्यासकालाही हेच करावे लागते. साधन अस्सल आहे का, साक्षीदार प्रत्यक्ष हजर होता का, त्याला तसे सांगण्याचे कारण काय, हे तपासल्याविना पुरावा स्वीकारता येत नाही. शोभतो म्हणून लिहिलेला '२७' आणि सोयीचा म्हणून लिहिलेला इतिहास यांत फारसे अंतर नाही. आपल्या माणसांची नोंद कित्येक ठिकाणी अशीच चिन्ह पुसून लिहिली गेली. म्हणून तरी आपल्या मुलांच्या वहीत न शोभणारा आकडाही जसाच्या तसा राहिला पाहिजे.

पालकांना एक विनंती आहे. सुट्टीत घरी आलेले मूल बंद पडलेला रेडिओ उघडून बसले, तर पाठीत धपाटा घालू नका. वीज जोडलेली नाही एवढे पाहा आणि त्याला विचारा, 'काय दिसलं?' माजी विद्यार्थ्यांकडेही मागणे आहे. नवे साहित्य द्यालच, पण वर्षातून दोन दिवस स्वतः या. बिघाडाच्या वहीत अजून उत्तर न सापडलेल्या नोंदी आहेत. त्या तुमच्याकरिता राखून ठेवल्या आहेत.

कपाटाला आता कुलूप नाही. 'हात लावू नये' ही चिठ्ठी होती त्या जागी त्या दोघींपैकी एकीने दुसरी चिकटविली आहे : 'हात लावा. काय दिसले ते लिहा.'

जय भीम! नमो बुद्धाय!