वाइझ, सर टॉमस
(९ डिसेंबर १७९१ – १६ एप्रिल १८६२). आयरिश संसदपटू, शिक्षणसुधारक व मुत्सद्दी. जन्म वॉटरफर्ड येथील एका जुन्या कॅथलिक जमीनदार घराण्यात. लँकाशरमधील स्टोनीहर्स्ट येथे आणि पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. नेपोलियनच्या पाडावानंतर त्याने इटली, ग्रीस, ईजिप्त इ. देशांत दीर्घ प्रवास केला. १८२१ मध्ये नेपोलियनचा बंधू ल्यूस्यँ बोनापार्ट याची कन्या लेतीत्सिया हिच्याशी त्याचा विवाह झाला. तथापि हा विवाह सुखाचा ठरला नाही व १८२८ मध्ये ती दोघे विभक्त झाली. त्यांचा एक मुलगा विल्यम चार्ल्स बोनापार्ट-वाइझ हा पुढे प्रॉव्हांसाल भाषेतील कवी म्हणून प्रसिद्धीस आला.

आयर्लंडला परतल्यावर वाइझ डॅन्येल ओ’कॉनेलच्या नेतृत्वाखालील कॅथलिक चळवळीत सामील झाला. १८२६ च्या वॉटरफर्ड परगण्यातील निवडणुकीत बेरेसफर्ड या प्रबळ घराण्याच्या उमेदवाराचा पराभव झाला. या विजयामागे वाइझचे संघटनाकौशल्य होते. कॅथलिकांना संसदेची दारे खुली करणारा कायदा १८२९ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी वाइझने कॅथलिक संघटनेचा इतिहास प्रसिद्ध केला आणि १८३० मध्ये तो टिपरेरीतून संसदेवर निवडून आला. ग्रेट ब्रिटनशी झालेले एकीकरण रद्द करण्याच्या ओ’कॉनेलच्या मागणीला बांधून घेण्यास त्याने नकार दिल्यामुळे १८३२ मध्ये तो पराभूत झाला. १८३५ ते १८४७ या काळात त्याने वॉटरफर्ड शहराचे प्रतिनिधित्व केले.

शिक्षण हा त्याच्या संसदीय कार्याचा गाभा होय. सर्व धर्मपंथांच्या मुलांनी लौकिक विषय एकत्र शिकावेत व धर्मशिक्षण मात्र स्वतंत्रपणे घ्यावे, या तत्त्वावर त्याने राष्ट्रीय शिक्षणाची योजना शासनापुढे मांडली व १८३१ मध्ये तत्संबंधी विधेयकही आणले. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शाळांची पद्धती याच तत्त्वावर आधारलेली होती. १८३५ मध्ये नेमलेल्या संसदीय समितीचा अध्यक्ष या नात्याने त्याने माध्यमिक शाळा व प्रांतिक महाविद्यालये यांचा पुरस्कार केला. १८४५ च्या कायद्याने बेलफास्ट, कॉर्क व गॉलवे येथे महाविद्यालये स्थापण्याचे ठरले. परंतु ती धर्मविहीन आहेत, अशी टीका ओ’कॉनेल व अनेक कॅथलिक धर्मगुरूंनी केली.

मेलबर्नच्या मंत्रिमंडळाच्या काळात वाइझ कोषागाराचा कनिष्ठ लॉर्ड होता (१८३९–४१). पुढे रसेलच्या शासनात, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या नियंत्रण मंडळाचा तो चिटणीस झाला (१८४६–४९). छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या मृत्यूनंतर (१८४८) सातारा संस्थान खालसा करण्याचा प्रश्न याच काळात उपस्थित झाला. मात्र निर्णयाचा अधिकार मंडळाच्या अध्यक्षाकडे, म्हणजे हॉबहाउसकडे असून चिटणिसाचे पद दुय्यम होते. दरम्यान दुष्काळाच्या छायेत झालेल्या १८४७ च्या निवडणुकीत एकीकरणविरोधी उमेदवारांनी वाइझचा पराभव केला.

१८४९ मध्ये ग्रीसमध्ये ब्रिटिश वकील म्हणून त्याची नियुक्ती झाली. डॉन पासिफिको या ब्रिटिश प्रजाजनाच्या नुकसानभरपाईसाठी १८५० मध्ये ब्रिटिश आरमाराने पिरीअसची नाकेबंदी केली. त्या वेळी पामर्स्टनच्या धोरणाची अंमलबजावणी वाइझकडे होती. असे असूनही पुढे त्याने ग्रीकांचा आदर संपादन केला. १८५७ मध्ये त्यास ‘सर’ हा किताब मिळाला. अथेन्स येथे त्याचे निधन झाले व ग्रीक राजाने त्याची सार्वजनिक इतमामाने अंत्ययात्रा काढविली.

एज्युकेशन रिफॉर्म (१८३६) हा त्याचा प्रमुख ग्रंथ असून ग्रीसविषयीचे त्याचे लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले. शासनात राहून सुधारणा घडविण्याच्या त्याच्या मार्गाने आयर्लंडला शाळा व महाविद्यालये मिळाली. परंतु राष्ट्रवादी मतदारांचा पाठिंबा मात्र तो गमावून बसला.