पाण्याची सोयरीक

सोयरीक दोन घरांची होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण दोन शहरांची सोयरीक झालेली कधी ऐकली आहे का? तीही कशी, तर एक शहर जपानात आणि दुसरे कंबोडियात. भाषा वेगळी, लिपी वेगळी, मधे समुद्र. आणि देणेघेणे कशाचे, तर पाण्याचे. म्हणजे घागरी भरून पाठवल्या, असे नव्हे. नळाचे पाणी कसे राखायचे, ही विद्या एकाने दिली आणि दुसऱ्याने घेतली.

आधी घेणाऱ्याची हकीकत ऐकू.

थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या मधे कंबोडिया हा देश आहे. अंगकोर वाट नावाचे जे प्रचंड मोठे देऊळ आहे, मूळचे विष्णूचे, ते याच देशात. राजधानीचे नाव नॉम पेन. मेकाँग ही मोठी नदी शहराला लागून वाहते, दुसरी एक नदी तिला तिथेच मिळते. म्हणजे उशाशी नदी! पण नदी जवळ असली म्हणून घरात पिण्याजोगे पाणी येते, असे थोडेच आहे?

१९७५ साली ख्मेर रूज या टोळीने नॉम पेन घेतले आणि सगळे शहर रिकामे केले. म्हातारे, आजारी, बाळंतिणी, कोणालाही सोडले नाही. सगळ्यांना खेड्यांत हाकलून शेतावर राबवले. लाखो माणसे उपासाने आणि आजाराने मेली, लाखो मारली गेली. १९७९ च्या जानेवारीत ती सत्ता गेली आणि माणसे हळूहळू परतू लागली. पण तोवर पाणीपुरवठ्याचे जाणते लोक राहिले नव्हते. पंप गंजले होते. कुठली नळी कुठून जाते, याचे नकाशेही धड नव्हते.

१९९३ साली अशी अवस्था होती. शहरातल्या चार घरांपैकी जेमतेम एका घरी नळ. त्यालाही दिवसाचे दहा तास पाणी, आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. शुद्ध करून सोडलेल्या शंभर घागरींपैकी बहात्तर घागरींचा पत्ता नसे. काही पाणी फुटक्या नळ्यांतून जमिनीत मुरे, काही चोरीला जाई. चोरून जोडण्या देणाऱ्यांत खात्याचीच माणसे होती. नोंदवहीत नाव आहे पण घरी नळ नाही, आणि घरी नळ आहे पण वहीत नाव नाही, असा सगळा कारभार.

ज्यांना नळ नव्हता ते काय करीत? पाणी विकत घेत. गाडीवाला पिंपातून पाणी आणी आणि सांगेल तो भाव घेई. नळवाल्या श्रीमंताला पाणी जवळजवळ फुकट पडे. झोपडीतल्या गरिबाला त्याच पाण्याला कितीतरी पट दाम मोजावे लागत, आणि ते स्वच्छ असेल याची खात्री नाही. दुखणे मात्र फुकट.

आता इथे जरा थांबू. तुम्ही म्हणाल, "गळती म्हणजे पाणी वाया गेलं, एवढंच ना? त्यात आजार कुठून आला?" हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण हे आपल्याही गावात घडू शकते.

नळी जमिनीखाली असते. तिच्या शेजारून गटार जाते, पावसाचे पाणी मुरते, कुठे शोषखड्डा असतो. नळीला भेग पडली आहे असे धरा. नळीत पाणी जोराने भरलेले असेल, तर भेगेतून पाणी बाहेर जाईल. नुकसान होईल, पण घाण आत यायची नाही. आता पाणी बंद करा. नळी रिकामी होते. आतला जोर संपतो. मग बाहेरचा चिखल आणि गटाराचे पाणी त्याच भेगेतून आत शिरते. एखाद्याने नळाला पंप लावून पाणी ओढले, तर घाणही जोराने ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की पहिली धार ही घाण घेऊन घरोघर पोचते. म्हणून पाणी आल्याबरोबर पहिले गढूळ पाणी सोडून द्यायचे, अशी रीत बायकांनी आपल्या आपण पाडली आहे. त्यांचे बरोबरच आहे. पण डोळ्यांना गढूळ दिसत नाही म्हणून पाणी शुद्ध झाले, असे मात्र नाही. हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ यांची बीजे डोळ्यांना दिसत नाहीत. आणि हगवणीने आधी जाते ते लहान मूल.

नॉम पेनमध्ये धार इतकी बारीक होती, की लोकांनी दाराशी जमिनीत हौद खणले होते. नळीचे पाणी त्यात उतरे आणि मग उपसून घ्यावे लागे. हौदात काय काय पडत असेल, ते सांगायला नको. शुद्धीकरणाच्या केंद्रात पाणी कितीही चांगले केले, तरी घरी पोचेपर्यंत त्याची पुन्हा माती होई.

तेव्हा पाणी चोवीस तास जोराने वाहते ठेवणे ही चैन नव्हे. आजार दाराबाहेर ठेवायचा तो उपाय आहे. आणि गळती थांबल्याशिवाय चोवीस तास पाणी देता येत नाही. सगळी गाठ इथे आहे.

१९९३ मध्ये एक सोन चान नावाचा इंजिनियर पाणीखात्याचा प्रमुख झाला. (एक हे त्यांचे आडनाव. तिकडे आडनाव आधी लिहितात.) ख्मेर रूजच्या काळात त्यांच्या घरची माणसे गेली होती आणि ते स्वतः शेतावर राबून वाचले होते. त्यांनी आधी घरोघर माणसे पाठवून गिऱ्हाइकांची खरी यादी केली. प्रत्येक जोडणीला मीटर लावायचे ठरवले. चोरून जोडण्या देणाऱ्या नोकरांना घरी बसवले. चांगले काम करणाऱ्या तरुणांना वर चढवले आणि पगारही वाढवले. चोरीची जोडणी दाखवून देणाऱ्याला बक्षीस ठेवले.

खरी कसोटी मोठ्या लोकांच्या दारात लागली. एक बडा लष्करी अधिकारी मीटर लावू देईना. एक सोन चान स्वतः तिथे गेले, तर त्याने त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावले. ते परत फिरले आणि हत्यारबंद शिपाई घेऊन पुन्हा गेले. त्याचे पाणी तोडले. पैसे भरल्यावर मगच जोडले. ही गोष्ट गावभर झाली. "त्याला भरावं लागलं, मग आपल्याला भरायला काय हरकत?" असे लोकांना वाटू लागले. पाणीपट्टी पूर्वी निम्मीसुद्धा वसूल होत नसे, ती पुढे जवळजवळ पुरी वसूल होऊ लागली.

पण चोरी धाकाने थांबते, जमिनीखालची गळती धाकाने थांबत नाही. तिथे विद्या लागते. ती जपानच्या कीताक्यूशू शहराकडे होती.

कीताक्यूशूची गोष्ट पाण्याची नव्हे, धुराची. १९०१ साली तिथे पोलादाचा मोठा कारखाना निघाला, मग शेजारी दुसरे निघाले. १९६३ साली जवळजवळची पाच शहरे एक होऊन कीताक्यूशू शहर झाले. कारखान्यांमुळे घरोघर पगार आला, पण आकाश काळे झाले आणि दोकाईची खाडी इतकी नासली की तिला लोक मेलेला समुद्र म्हणू लागले.

तोबाता या भागातल्या बायकांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या नवऱ्यांची भाकरी त्याच कारखान्यांत होती. म्हणजे बोलावे तर पोटावर पाय, न बोलावे तर पोरांना खोकला. बायकांनी नुसती ओरड केली नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी किती बसते, ते त्यांनी मोजले. धूर वाढला की शाळेत किती मुले गैरहजर राहतात, ते टिपून ठेवले. महाविद्यालयातल्या शिक्षकांकडून आकडेमोड शिकून घेतली. १९६५ साली एक चित्रपटही तयार केला. त्याचे नाव होते, "आम्हाला निळे आकाश हवे". आकडे समोर मांडल्यावर नगरपालिकेला आणि कारखान्यांना ऐकावे लागले. करार झाले, धुराड्यांना गाळण्या बसल्या, खाडीचा गाळ काढला. आज त्या खाडीत पुन्हा मासे आहेत. मला तर वाटते, या शहराला दुसऱ्याचे दुखणे कळले, ते आधी स्वतःचे भोगल्यामुळे.

१९९९ सालापासून कीताक्यूशूच्या पाणीखात्याची माणसे नॉम पेनला येऊ लागली. ही माणसे पुस्तकी नव्हती. आपल्या शहरात रोज तेच काम करणारी होती. खर्चाचा मोठा भार जपान सरकारने उचलला, शहराने माणसे दिली.

त्यांनी काय शिकवले? सगळ्या शहराचे नळ्यांचे जाळे तुकड्यातुकड्यांत वाटायचे, जसे आपण शेताचे वाफे पाडतो. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक यंत्र. आत पाणी किती गेले आणि त्याला जोर किती आहे, हे ते यंत्र मोजते आणि तारेवरून कचेरीत कळवते. आता रात्री दोनची वेळ घ्या. सगळे झोपलेले. अशा वेळी वाफ्यात पाणी अगदी थोडे जायला हवे. तरी ते धो धो जात असेल, तर समजावे की त्याच वाफ्यात नळी फुटली आहे. सगळे शहर खणायला नको. मग माणसे तिथे जातात आणि लोखंडी कांबीचे एक टोक नळीला किंवा जमिनीला लावतात, दुसरे कानाला. पाणी गळत असले की सूं सूं आवाज येतो. मुरलेला कामगार त्या आवाजावरून जागा सांगतो. वैद्य नाडी पाहतो, तसाच हा प्रकार. रात्रीच्या शांततेतच हे जमते.

याशिवाय पाण्याची रोज तपासणी, क्लोरीन किती घालायचे, पंप कसे राखायचे, हेही शिकवले. गळतीची खबर आली की दिवस असो रात्र असो, दुरुस्तीची टोळी लगेच निघे. शंभरात बहात्तर घागरी हरवत होत्या, त्या सहा-सातवर आल्या. पाणी चोवीस तास सुरू झाले. शहराच्या मुख्य भागात जवळजवळ प्रत्येक घरी नळ गेला. २००६ साली एक सोन चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जामखेडच्या आरोळे पतिपत्नींना १९७९ साली मिळाला होता, तोच हा. २०१० साली नॉम पेनच्या पाणीखात्यालाही स्टॉकहोमचा पुरस्कार मिळाला.

आता गरिबांचे काय? नळजोडणीचे पैसे एकरकमी भरणे मजुराला जमत नाही. म्हणून ते हप्त्याने घेतले. अगदी गरीब असेल त्याला तीस, पन्नास, सत्तर टक्के सूट, आणि काहींना तर सगळेच माफ. पाण्याचा दरही पायऱ्यांचा ठेवला. २००१ च्या दरपत्रकात महिन्याच्या पहिल्या सात हजार लिटरला, हजारामागे ५५० रिएल. (रिएल हे तिथले नाणे.) पन्नास हजारांच्या वर वापरणाऱ्याला १२७० रिएल. ज्याच्या घरी बाग त्याने जास्त द्यावे, ज्याच्या घरी चूल आणि हंडा एवढेच त्याने कमी. त्यामुळे पिंपवाल्याकडचे महाग पाणी सुटले.

हा सगळा धर्मादाय होता, असे कोणी समजू नये. २०१० साली कीताक्यूशूने आपल्या कारखानदारांना एकत्र करून परदेशी पाण्याच्या कामांची मंडळी उभी केली. ओळखीतून धंदा मिळावा, हा हेतू उघड होता. लपवाछपवी नव्हती, म्हणून मला तरी त्यात वावगे दिसत नाही. त्याच शहराने इंडोनेशियातल्या सुराबाया शहराला ओल्या कचऱ्याचे टोपलीत खत करायची रीत दाखवली. २००४ पासून ती तिथल्या घरोघरी पसरली. तीत कोणाला फारसा पैसा मिळण्यासारखा नव्हता.

नॉम पेनची सगळी दुखणी संपली, असेही नाही. शहर भराभर वाढले. कडेच्या वस्त्यांत धार पुन्हा बारीक झाली, आणि कडेला राहतो तो बहुधा गरीबच. २०२३ साली बाखेंग येथे नवे मोठे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले, ते याचसाठी.

२०१६ च्या मार्चमध्ये दोन्ही शहरांनी भगिनी-शहरे म्हणून रीतसर करार केला. काम मात्र आधी सतरा वर्षे चालू होते. आपल्याकडे आधी सुपारी फुटते आणि मग संसार. इथे उलटे झाले. त्या सतरा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. २००७ पासून कंबोडियातल्या आठ लहान शहरांचे पाणीखाते सुधारायचे काम निघाले. बाताम्बांग, अंगकोर वाटजवळचे सिएम रीप, अशी ती शहरे. तिथे कीताक्यूशूची माणसे गेली, पण त्यांच्या बरोबरीने शिकवायला नॉम पेनचीही माणसे होती. काही वर्षांपूर्वी जी कांब कानाला लावून शिकत होती, तीच आता दुसऱ्याच्या हातात कांब देऊन म्हणत होती, "ऐक, आवाज येतोय का?"