विंडोज १० अजून वापरताय? १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख लिहून ठेवा

नवा संगणक घ्यायच्या आधी हे तपासा. विंडोज ११ चं अपडेट फुकट आहे

सेवा केंद्र, दूध डेअरी, शाळा, झेरॉक्सचं दुकान आणि घरचा लॅपटॉप... गावाकडच्या अनेक संगणकांवर आजही विंडोज १० आहे. २९ जुलै २०१५ ला आलेल्या या विंडोजचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरासाठी दिलेली जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतेय.

त्या दिवशी संगणक बंद पडणार नाही. फाईली जाणार नाहीत, प्रिंटही निघेल. पण विंडोजमध्ये नवी खोट सापडली तर ती बुजवणारं अपडेट येणार नाही. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक, बँक पासबुक आणि सातबारा स्कॅन होतात, तिथे हा धोका फक्त मालकाचा राहत नाही, गावाचा होतो.

आधी तपासा : कोणती विंडोज?

सेटिंग्जमध्ये जा, मग सिस्टीम आणि सगळ्यात खाली अबाउट. तिथे विंडोजचं नाव आणि व्हर्जन दिसेल. विंडोज ११ असली तरी गाफील राहू नका. २४एच२ या व्हर्जनची मुदतसुद्धा होम आणि प्रो प्रकारासाठी १३ ऑक्टोबर २०२६ लाच संपतेय. त्यापुढचं २५एच२ हे ३० सप्टेंबर २०२५ ला आलं असून ते ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालेल. २४एच२ वरून त्यावर जायला छोटंसं डाउनलोड आणि एक रीस्टार्ट पुरतो.

विंडोज ११ साठी काय लागतं?

- ६४ बिटचा प्रोसेसर. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा
- किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा
- सिक्युअर बूट आणि टीपीएम २.०

ही माहिती स्वतः शोधत बसायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप चालवलं की संगणक बसतो की नाही ते कळतं. टीपीएम म्हणजे संगणकातली छोटी तिजोरी. पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या त्यात राहतात. काही संगणकांत ती असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. त्यामुळे 'चालणार नाही' असं दिसलं तरी आधी तंत्रज्ञाकडून ते सेटिंग बघून घ्या. नुसत्या एका बटणापायी नवा संगणक घेऊ नका.

विंडोज १० अस्सल असेल तर ११ वर जायला पैसे लागत नाहीत. कागदावर ४ जीबी रॅम चालते, पण काम रखडतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकली तर फरक लगेच जाणवतो.

नव्यात काय मिळतं?

स्टार्ट मेनू बदललाय. सगळी ॲप्स आता एकाच पानावर, खाली सरकवत दिसतात. मोबाईल जोडला असेल तर त्याची बॅटरी आणि मेसेज बाजूलाच दिसतात. आणखी कामाची सोय म्हणजे 'क्विक मशीन रिकव्हरी'. संगणक सुरूच होत नसेल, तर तो इंटरनेटला जोडून मायक्रोसॉफ्टकडे उपाय आहे का ते बघतो. प्रत्येक वेळी दुरुस्ती होईलच असं नाही, पण तालुक्याची एखादी फेरी वाचू शकते.

संगणक जुनाच असेल तर?

विंडोज १० ची जादा मुदत घ्या. त्यासाठी २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो. सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरावे लागतात. एका खात्यावर १० संगणक चालतात. मात्र ही सोय वैयक्तिक वापरासाठी आहे. संस्थांसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे.

दुसरा रस्ता लिनक्सचा. ती मोफत असते आणि जुन्या संगणकावर हलकी चालते. केरळच्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं त्यावरच शिकतायत. फक्त अंगठ्याचं मशीन, प्रिंटर आणि डिजिटल सही त्यावर चालते का, हे आधी विचारा.

'जुगाड करून ११ टाकून देतो' असं कोणी म्हटलं तर थांबा. न बसणाऱ्या संगणकावर पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

अपडेटला बसण्याआधी

- महत्त्वाच्या फाईली पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.
- जुने मराठी फॉन्ट असतील तर त्यांचीही कॉपी ठेवा. विंडोज कोरी टाकल्यावर फॉन्ट नसला, तर जुने अर्ज अगम्य अक्षरांत दिसतात.
- डाउनलोड काही जीबीचं असतं. मोबाईलच्या रोजच्या डेटावर सुरू करू नका.
- भारनियमनाची वेळ टाळा. लॅपटॉप चार्जिंगला लावा, डेस्कटॉपला यूपीएस हवा.
- गर्दीच्या दिवशी, अर्जाच्या शेवटच्या तारखेला अपडेट नको.

'या नंबरवर फोन करा' दिसलं तर

अशा मुदतींच्या काळात ठगांचं फावतं. 'तुमची विंडोज बंद होतेय, या नंबरवर फोन करा' असं स्क्रीनवर आलं, की ती फसवणूक समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझर बंद करा, कोणालाही ओटीपी किंवा संगणकाचा ताबा देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. खरं अपडेट सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्येच मिळतं.