कार्डावरून पैसे गेले? लगेच हे करा

• बँक : कार्ड ताबडतोब ब्लॉक करा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

• १९३० : राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन. पुणे शहर सायबर पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

• ३ दिवस : रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक, ६ जुलै २०१७. चूक ना ग्राहकाची, ना बँकेची असेल आणि ३ कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. ओटीपी स्वतः सांगितल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे.

• टोकन : १ ऑक्टोबर २०२२ पासून खरेदीच्या संकेतस्थळांना कार्ड क्रमांक साठवण्यास मनाई, त्याऐवजी टोकन, म्हणजे पर्यायी सांकेतिक क्रमांक.

• कॉसमॉस बँक, पुणे : ऑगस्ट २०१८. बनावट कार्डे व स्विफ्ट या आंतरबँक संदेश यंत्रणेमार्फत सुमारे ९४ कोटी रुपयांची लूट.

• पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.