त्वचेसाठीं पोटांत घ्यावयाच्या गोळ्या

त्वचा सतेज व्हावी म्हणून पोटांत घ्यावयाच्या गोळ्या व चूर्णें आज बाजारांत विपुल मिळतात. त्यांतील गुण कितपत खरा, हें पारखण्यास ज्वारीच्या मुलुखांतील एका रोगाची हकीकत उपयोगी पडते.

धाराशिव जिल्हा ज्वारीचा. 1948 पर्यंत तो हैदराबाद संस्थानांत मोडत असे. दख्खनमधील ज्या गरिबांचा निर्वाह केवळ ज्वारीवर चाले, त्यांच्यांत पूर्वीं पेलाग्रा नांवाचा रोग आढळे. त्यांत गळा, हात, पावलें असे उन्हांत उघडे राहणारे भाग काळवंडून खरखरीत होतात. पुढें जुलाब लागतात, बुद्धीस भ्रम होतो, आणि उपचारावांचून मृत्युही ओढवतो.

अमेरिकेंत डॉ. गोल्डबर्गर यांनीं 1915 सालीं 11 स्वयंसेवक कैद्यांस मका, मैदा, साखर अशा निकस अन्नावर ठेविलें. 6 जणांस हा रोग झाला. तो जंतूंमुळें नव्हे, आहारामुळें होतो, असें त्यावरून दिसलें. 1937 सालीं एल्व्हेयेम यांनीं कुत्र्यांतील तत्सम रोग निकोटिनिक आम्लानें, म्हणजे नायसिननें, बरा केला. लवकरच माणसांतही तोच अनुभव आला. ज्वारींतील ल्यूसिनच्या आधिक्यामुळें हा रोग होतो, असें मत हैदराबादचे डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं 1960 सालीं मांडलें. तें सर्वमान्य झालें नाहीं. पण भाकरीस डाळ, शेंगदाणे व दूध यांची जोड असल्यास रोग टळतो, याविषयीं वाद नाहीं.

येथें गोळीचा गुण निःसंशय आहे, कारण ती खरी उणीव भरून काढते. उणीव नसतां लाभ सिद्ध करणें कठीण. ऑस्ट्रेलियांत त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या 386 जणांवरील प्रयोगांत, नायसिनचेंच एक रूप रोज दोनदां 500 मिलिग्रॅम दिल्यानें, वर्षभरांत नवे कर्करोग 23 टक्क्यांनीं कमी झाल्याचें 2015 सालीं प्रसिद्ध झालें. औषध थांबतांच तो लाभही ओसरला. हा रोगप्रतिबंध होय, कांतिवर्धन नव्हे.

कोलॅजेनच्या चूर्णाचें तर पचनांतच तुकडे होतात. कांहीं प्रयोगांत त्यानें त्वचेचा ओलावा वाढल्याचें दिसलें खरें. परंतु 2025 सालीं 23 प्रयोगांचें एकत्र परीक्षण झालें, तेव्हां औषधकंपन्यांचा पैसा नसलेल्या प्रयोगांत लाभ आढळला नाहीं.

म्हणून गोळी घेण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावेत: शरीरांत खरोखर उणीव आहे काय, आणि गुण सांगणाऱ्या प्रयोगाचा खर्च कोणीं केला? मद्यपी, तसेंच क्षयावर आयसोनिआझिड घेणारे रोगी यांच्यांत पेलाग्रा आजही क्वचित् उद्भवतो. दोन्ही हात सारखेच काळवंडले व जोडीस जुलाब असले, तर कांतीची गोळी न शोधतां डॉक्टरांस हात दाखवावे.