गोंडोला सगळ्यांना माहितीये, पण सांदोलो?

आजचा एपिसोड एका शब्दाचा आहे: सांदोलो. उच्चार करताना जोर 'सां'वर द्यायचा.

व्हेनिस म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती लांब, काळी, पुढे लोखंडी दातेरी टोक असलेली गोंडोला. सांदोलो ही तिचीच साधी बहीण म्हणा. आकाराने लहान, वजनाने हलकी, कडा बुटक्या, तळ सपाट, आणि ते शोभेचं लोखंडी टोक नाही. मासेमारीला जायचं, भाजी आणायची, रविवारी नुसतं फिरायचं, अशी घरची होडी.

तळ सपाट का? मी इंजिनिअर, त्यामुळे मला आधी रिक्वायरमेंट बघायची सवय. व्हेनिसच्या भोवतीचं खारं पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते सुमारे 550 चौरस किलोमीटर पसरलंय, पण बऱ्याच ठिकाणी जेमतेम कमरेएवढं खोल. खाली चिखल. तिथे खोल तळाची होडी रुतणारच.

त्याच कारणाने वल्हवायचं उभं राहून, तोंड पुढे करून. बसून, पाठ फिरवून वल्हवलं तर पुढचा उथळ भाग दिसणार कसा? वल्हं टेकवायला 'फोर्कोला' नावाचा आधार असतो, बहुतेकदा अक्रोडाच्या लाकडातून कोरलेला. तो कडीसारखा बंद नसतो, त्याला वेगवेगळे खोबणी-कोपरे असतात. वल्हं कुठे टेकवता त्यावर ठरतं: पुढे जायचं, वळायचं, थांबायचं की मागे यायचं. गिअरबॉक्सच की, तोही एका लाकडाच्या तुकड्यात!

सांदोलोचे प्रकारही आहेत. 'स्चोपोन' बदकांच्या शिकारीसाठी. नाव आलं बंदुकीच्या तिथल्या शब्दावरून. 'मास्कारेता' हलकी आणि वेगवान. सप्टेंबरातल्या रेगाता स्तोरिका या मोठ्या शर्यतीत बायका तीच वल्हवतात.

आता गंमत बघा. 'रेगाटा' हा शब्द व्हेनिसचाच. 'क्वारंटीन'सुद्धा, म्हणजे जहाजाने चाळीस दिवस बाहेर थांबायचं. 'चाओ' आणि 'घेटो'ही तिथलेच. हे सगळे जगभर पोचले, गोंडोलाही पोचली. सांदोलो मात्र इंग्रजीत क्वचितच भेटतो, तोही व्हेनिसवरच्या लिखाणात.

मला वाटतं, कारण सोपं आहे. गोंडोलात पाहुणा बसतो, फोटो काढतो आणि शब्द घरी घेऊन जातो. सांदोलोत घरचा माणूस बसतो, आणि तो कुठे जात नाही. पण घरची होडी सामान्य असते असं नाही. आपल्याकडची 'डिंगी' बघा ना. हिंदी-बंगालीतला छोट्या होडीचा शब्द, इंग्रजांना रोज लागली म्हणून इंग्रजीत गेला आणि तिकडचाच झाला.

म्हणजे शब्द टिकतो तो वापरामुळे, आणि सांदोलोचा वापरच धोक्यात आहे. मोटरबोटींच्या लाटा सारख्या आपटत राहतात. व्हेनिसमध्ये त्याला 'मोतो ओंदोझो' म्हणतात. त्याने इमारतींचे पाये झिजतात, आणि बुटक्या कडांच्या होडीत उभं राहणंही अवघड होतं. याच्या निषेधात 1975 साली 'वोगालोंगा' सुरू झाली. सुमारे 30 किलोमीटर, सगळं वल्ह्यावर, इंजिन नाही, आणि पहिला-दुसरा नंबर नाही. आजही दरवर्षी लोक येतात आणि त्यात सांदोलो असतातच.

मला हे फार आवडलं. घोषणा देण्याऐवजी त्यांनी होड्याच पाण्यात उतरवल्या. शब्द जपायचा तर वस्तू चालती ठेवावी लागते, कोशात नोंद पुरत नाही.

तुमच्या गावी खाडी असेल, नदी असेल, तर आजोबांना विचारा: होडी, मचवा, पडाव, यांत फरक काय? त्यांचं उत्तर फोनवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. तोपर्यंत, चाओ!