धपकन पडणारा 'धपकन'!

दोस्तांनो, 'धपकन' हा शब्द पडद्यावर खरंच धपकन पडला तर? डिझाइन शिकणारे ताई-दादा असेच शब्द हलवायला शिकतात. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं सरकतात, म्हणजे दोन सेकंदांच्या उडीला 48! मधली बरीचशी आता कॉम्प्युटर भरून देतो म्हणा. खरी पंचाईत वेगळीच. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली. त्यांना सुटं पळवलं की रेषा तुटते, वेलांटी मागे राहते, आणि शब्द वाचताच येत नाही!

अमेरिकेच्या सॉल बास यांनी 1960च्या 'सायको' सिनेमात नावांच्या आडव्या फाका केल्या. पण क्षणभर त्या नीट जुळवल्या, वाचता येतील इतपत.

वहीच्या कोपऱ्यांवर 'धपकन' काढा, पानं भर्रकन सोडा. आधी काय पाडाल, रेषा की अक्षरं?